तो वेगळा विषय नाही, ताई

आलेलं पत्र, थोडं कमी करून:

"नमस्कार. मी नागपुरात सदरमध्ये राहते. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. आमच्या मंडळीत महिन्यातल्या एका रविवारी संदेश द्यायची पाळी आमच्यापैकीच कुणावर तरी येते. फेब्रुवारीत माझी आहे आणि शास्त्रभाग आलाय मत्तय २०, द्राक्षमळ्यातले कामकरी. या दाखल्यावर मी आजवर तीनदा बोलले. तिन्ही वेळा तेच: देवाची कृपा मोजूनमापून मिळत नाही, उशिरा आलेल्यालाही तारण आहे, आमेन. गेल्या वेळी पहिल्या बाकावरचे काका चक्क घोरत होते. काहीतरी नवं सांगावं असं फार वाटतं. पण नव्या अर्थाच्या नादात वचनाशी खेळ तर होणार नाही ना, अशी भीतीही वाटते. जावई म्हणतो, 'आई, ही गोष्टच अन्यायाची आहे. असं केलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर येईल कोण?' आमच्याकडे वातावरणही सध्या जरा बरं नाही. मागच्या वस्तीतली सात-आठ कुटुंबं वर्षभरापासून उपासनेला येतात. नाताळच्या नाटकात त्यांच्या मुलांना मोठ्या भूमिका दिल्या म्हणून जुन्या लोकांत कुरबूर आहे. माझी नात तीन वर्षं मरिया व्हायची वाट बघत होती, तिला यंदा मेंढपाळ केलं. पण तो वेगळा विषय. मला एवढंच सांगा, ओळखीच्या दाखल्यातून नवा अर्थ शोधायचा तरी कसा?
एक आजी, सदर"

ताई,

सदरहून या सदरात आलेलं हे पहिलंच पत्र, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

ज्यांना हा दाखला, म्हणजे बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेली बोधकथा, माहीत नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट. एक घरधनी भल्या पहाटे चौकात जातो आणि दिवसाचा एक दीनार ठरवून मजूर आणतो. मग नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो, आणि दिवस मावळायला तास उरला असताना पाचला पुन्हा जातो. दर वेळी आणखी माणसं आणतो. संध्याकाळी कारभाऱ्याला सांगतो, मजुरी वाट, पण शेवटी आलेल्यांपासून सुरू कर. तासभर राबलेल्यांना पूर्ण दीनार मिळतो. ते पाहून पहाटेच्या मजुरांच्या आशा वाढतात, आणि त्यांच्याही हातावर एकच दीनार पडतो. ते कुरकुर करतात. धनी त्यांच्यातल्या एकाला म्हणतो, गड्या, ठरलं तेवढं दिलं ना? शेवटच्याला तुझ्याइतकंच द्यावं ही माझी मर्जी. मी चांगला वागलो ते तुझ्या डोळ्यात खुपतं का?

शब्बाथ शाळेत हा दाखला मीही पाठ केला होता. आमच्या बाई दीनारचा रुपया करून सांगायच्या आणि आम्ही मुलं त्या रुपयात किती बोरं येतील याचा हिशेब करत बसायचो. पाठ झालेल्या गोष्टीचा त्रास हाच की ती पुन्हा कानात शिरत नाही. पहिलं वाक्य सुरू झालं की मन शेवटच्या वाक्यावर जाऊन बसतं. तुमचे काका घोरले त्यात त्यांचा फार दोष नाही.

कीर्तनकाराकडे बघा. त्याच्याकडे तरी नवं काय असतं? तोच अभंग, शेकडो वर्षं जुना, समोरच्या म्हाताऱ्यांना त्याच्याहून जास्त पाठ. पण तो एका चरणापाशी थांबतो, त्यातल्याही एका शब्दावर बोट ठेवतो आणि अर्धा तास हलत नाही. लोकांना वाटतं, अरे, हा शब्द इथे होता होय! आणि तुम्ही तर सदरच्या, हिस्लॉप साहेबांचं नाव तुम्हाला मी सांगायला नको. स्टीफन हिस्लॉप १८४५मध्ये नागपुरात आले ते मिशनरी म्हणून, पण भूगर्भशास्त्राचे लोक त्यांना ओळखतात ते टाकळीच्या आसपासच्या खडकांत त्यांना सापडलेल्या जीवाश्मांमुळे. ते खडक त्यांनी स्कॉटलंडहून आणले नव्हते. गुरं राखणारे, लाकूडफाटा आणणारे त्यावरूनच रोज जात होते.

तेव्हा माझा सल्ला असा, की नवा अर्थ शोधायलाच जाऊ नका. ज्या वाक्यावरून तुम्ही आजवर घाईने पुढे गेलात ते शोधा. मला सापडलेली दोन सांगते. पहिल्यापर्यंत मला माझी लाज घेऊन गेली.

पाच वाजता धनी विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही.

हे वाक्य नागपुरात समजायला पुस्तक लागत नाही. सकाळी साडेसातला घराजवळच्या कुठल्याही ठिय्यावर जाऊन उभ्या राहा. एका बाजूला करणी-ओळंबा घेऊन मिस्त्री, दुसऱ्या बाजूला रेजा, म्हणजे मजूर बाया, घमेली पालथी घालून त्यावर बसलेल्या, पिशवीत जेवणाचा डबा. एखादी मोटरसायकल थांबली की दहा जण धावतात, "कितने आदमी होना, साहेब?" तगडे आधी उचलले जातात. नऊनंतर गर्दी विरळते. अकरा वाजता पुन्हा जा. आता उरलेत ते वयस्क, किरकोळ अंगाचे, एखादी कडेवर लेकरू असलेली. कामावर खायला आणलेला डबा ते तिथेच, चहाच्या टपरीमागे बसून खातात. त्या जेवणाकडे मला फार वेळ बघवलं नाही.

काही वर्षांपूर्वी, मे महिन्यात, मी स्वतः अकराच्या सुमारास असाच एक माणूस घरी आणला होता, मागच्या अंगणातला मलबा उचलायला. साडेचारला काम संपलं. मी हिशेब केला: अर्धा दिवस, अर्धी रोजी, वर वीस रुपये आपल्याच मनाला बरं वाटावं म्हणून. त्याने नोटा मोजल्या नाहीत. घडी करून बनियनच्या खिशात ठेवल्या आणि म्हणाला, "सातपासून उभा होतो जी." सुरात भांडण नव्हतं, नुसती माहिती द्यावी तसा बोलला. मी म्हणाले, बरं. आणि दार लावून घेतलं. त्याच्या घरी त्या रात्री सगळ्यांनी अर्धंच जेवावं असा माझ्या हिशेबाचा अर्थ होत होता, हे मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं. दाखला मात्र मला त्या दिवशीही तोंडपाठ होता.

दीनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची रोजी, एका घराची एका दिवसाची चूल. म्हणूनच मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या २४व्या अध्यायात सांगितलंय, की मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीवर टांगलेला आहे. धनी संध्याकाळी पैसे वाटतो तो काही त्याचा मोठेपणा नाही, तो कायदा होता. मोठेपणा असलाच तर तो पाच फेऱ्यांत आहे. त्याच्याकडे कारभारी आहे हे आठव्या वचनात कळतं. मग चौकात तो स्वतः का जातो? द्राक्षं किती खुडून झाली, किती उरली, हे गोष्टीत कुठेही येत नाही. तो विचारतो ते माणसांबद्दलच, तुम्ही इथे का उभे आहात?

आता पहाटेच्या मजुरांचं म्हणणं ऐका: आम्ही दिवसभराचे कष्ट आणि ऊन सोसलं. आपण संदेश देणारे लोक इथे त्यांना चटकन मत्सरी ठरवतो. ज्याने नागपुरातली मे महिन्यातली दुपार, पंचेचाळीस अंशांची, घराबाहेर काढली आहे त्याने तरी तसं करू नये. त्यांची तक्रार खरी आहे. पण ऊन तर पाचला आलेल्यांनीही सोसलं की! तेच ऊन, त्याच दिवशी, चौकात उभं राहून. फरक इतकाच, की मळ्यातल्या माणसाला घाम गाळताना संध्याकाळच्या दीनारची खात्री होती आणि चौकातल्याला कसलीच नव्हती. दोघांत जास्त जड दिवस कुणाचा गेला हे तुम्ही मंडळीला विचारा आणि उत्तर देऊ नका. काका घोरणार नाहीत.

जावयाच्या प्रश्नाचं उत्तरही ठिय्यावरच मिळेल. तो म्हणतो ना, उद्या सगळे पाचलाच येतील? जावईबापूंना म्हणावं, एक दिवस पाचपर्यंत उभे राहून दाखवा, असा कुणी धनी येईलच याच्या भरवशावर. ज्याच्या घरी पीठ संपलेलं आहे तो माणूस पाच वाजण्याची वाट बघत नाही. पाच त्याच्यावर वाजतात.

तुमच्या भीतीविषयीही बोलायला हवं, कारण ती चांगली भीती आहे. पण या दाखल्याचा एकच एक अर्थ कधीच नव्हता. दुसऱ्या शतकात इरेनियस या धर्माचार्याने पाच वेळांमध्ये जगाच्या इतिहासातले टप्पे पाहिले. त्याच्यानंतरच्या ओरिगेन या धर्मपंडिताने त्यात माणसाचं वयही पाहिलं: कुणी बालपणीच देवाकडे येतो, कुणी म्हातारपणी. तुम्ही तीनदा दिलेला संदेश या दुसऱ्या अर्थाचा नातू म्हणायला हरकत नाही. ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत आजही पुनरुत्थानाच्या सणाला क्रिसोस्टोम या प्राचीन धर्माचार्याच्या नावाचं एक जुनं प्रवचन वाचतात. त्यात अकराव्या तासाला, म्हणजे पाचला, आलेल्यालाही बोलावलं आहे, संकोच न करता जेवायला बसायला. यहुद्यांच्या यरुशलेमी तालमुद या धर्मग्रंथात अशीच एक गोष्ट आहे, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी वारलेल्या एका रब्बीसाठी सांगितलेली. एका मजुराला दोन तासांत पूर्ण मजुरी मिळते, बाकीचे कुरकुरतात, आणि राजा म्हणतो, तुम्ही दिवसभरात केलं नाही ते याने दोन तासांत केलं. येशूच्या गोष्टीतला धनी असलं काहीच म्हणत नाही, हे दोन्ही शेजारी ठेवले की लख्ख दिसतं.

यातली सगळीच वाट धरण्यासारखी नाही. पहिले मजूर म्हणजे यहुदी आणि शेवटचे म्हणजे आपण, ही मांडणी अनेक शतकं चालली आणि त्या लोकांविषयीच्या द्वेषाला तिने खतपाणी घातलं. ती टाळा. अलीकडे काही अभ्यासक म्हणतात की धनी म्हणजे देव नव्हेच, तो मजुरांना आपापसांत भिडवणारा जमीनदार. मला हे पूर्ण पटत नाही, कारण स्वर्गाचं राज्य या घरधन्यासारखं आहे असं पहिलंच वचन सांगतं. पण ज्याने ठेकेदाराकडे काम केलंय त्याला ती शंका येणार, आणि ती त्याने बोलून दाखवली तर त्याला गप्प करू नका.

आपल्या बाजूचा अर्थ मात्र मी सोडणार नाही. १९०४मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना गांधीजींनी आगगाडीत इंग्रज लेखक जॉन रस्किनचं 'अन्टू धिस लास्ट' वाचलं. त्या पुस्तकाचं नाव याच दाखल्यातलं, 'या शेवटच्यालाही' देण्याच्या वाक्यातून उचललेलं. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. त्याच वर्षी फिनिक्सची वसाहत उभी राहिली, आणि तिथे काम करणाऱ्याला महिन्याला ३ पौंड ठरले, रंग किंवा राष्ट्र न बघता सगळ्यांना सारखेच. दीनारच तो! १९०८मध्ये त्या पुस्तकाचं सार त्यांनी गुजरातीत आणलं, नाव दिलं 'सर्वोदय'. आपल्याकडे गल्लोगल्ली सर्वोदय नावाच्या कॉलन्या आहेत. तो शब्द मत्तयाच्या विसाव्या अध्यायापासून किती पावलांवर आहे हे तिथे राहणाऱ्यांनाही ठाऊक नसेल. सेवाग्राम तर नागपूरहून दीड-दोन तासांवर. मंडळीला सहलीला नेणारच असाल तर फुटाळा तलावाऐवजी तिकडे न्या.

म्हणजे एका वकिलाने हा दाखला पगारपत्रकासारखा वाचला आणि तो वचनाशी खेळ झाला नाही. खेळ कधी होतो सांगू? अर्थ सांगणाऱ्याला जेव्हा त्याची काहीच किंमत मोजावी लागत नाही तेव्हा.

आता दुसरं वाक्य. पहिले मजूर कुरकुरतात ते नेमकं काय म्हणून? तू आम्हाला कमी दिलंस, असं ते म्हणत नाहीत. ते म्हणतात, तू त्यांना आमच्या बरोबरीचं केलंस. दुखणं पैशाचं नव्हतंच. शेवटच्यांना दीनार मिळाला आणि पहिल्यांना दोन मिळाले असते तर एक शब्द निघाला नसता. आणि पहिल्यांना आधी पैसे देऊन वाटेला लावलं असतं तरी निघाला नसता. त्यांना कळलंच नसतं. धन्याने मुद्दाम उलटी रांग लावली, त्यांना थांबून बघायला लावलं. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ला लाखो माणसं बरोबरीसाठी एका मैदानावर गोळा झाली, तिथे 'आमच्या बरोबरीचं केलंस' हे वाक्य आपण वाचून पुढे कसे जातो, याचं मला नवल वाटतं. मीही गेलेच आहे.

आणि आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. मत्तयाच्या मराठीत शब्द आहे 'कुरकुर'. तुम्ही लिहिलंत 'कुरबूर'. पुढे लिहिलंत, पण तो वेगळा विषय.

तो वेगळा विषय नाही, ताई. तुमचा संदेश तिथेच आहे.

मात्र जपून. हा अर्थ हातात आला की पहिला मोह होतो तो छडीसारखा वापरायचा. जुन्या लोकांना पुलपिटावरून सुनावायचं, नाटकाचं नाव न घेता सगळ्यांना कळेल असं. तसं करू नका. एक तर तुम्ही स्वतः पहाटेच्या मजुरांत आहात. तीन वर्षं वाट बघणाऱ्या पोरीच्या आजी आहात. मेंढपाळाचं घोंगडं तिच्या खांद्यावर घालताना तुमच्या पोटात काय झालं असेल ते मला कळतं. तेच सांगा. "मला वाईट वाटलं" असं एक वाक्य म्हणा आणि मग त्या मजुरांचं वाक्य वाचा. धनीसुद्धा त्यांना हाकलत नाही, "गड्या" म्हणतो. मत्तयात हा शब्द तीनच ठिकाणी येतो: इथे, लग्नाचा पोशाख न घालता आलेल्या पाहुण्याला, आणि येशूला बागेत धरून द्यायला आलेल्या यहूदाला. तिन्हीकडे समोरच्याचं काहीतरी चुकलेलं आहे आणि तरी बोलणं तुटलेलं नाही.

दुसरं, त्या सात-आठ कुटुंबांना 'पाचला आलेले' म्हणून दया दाखवू नका. त्यांच्याविषयी बोलायच्या आधी स्वतःला एक विचारा. ती वस्ती तुमच्या चर्चच्या मागेच आहे असं तुम्हीच लिहिलंय. घंटा त्यांना इतकी वर्षं ऐकू येतच असेल. मग ते उशिरा आले, की त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं? याचं उत्तर मंडळीसमोर द्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा. मी तुमच्या जागी असते तर एखाद्या संध्याकाळी त्यांच्यातल्या एखाद्या घरी जाऊन चहा प्यायले असते आणि हाच दाखला त्यांना वाचायला सांगून गप्प बसले असते. त्यांना त्यात काय दिसतं ते तुमच्या-माझ्या वाचनात येणार नाही. पटलं तर त्यांच्यातल्याच कुणाला शास्त्रभाग वाचायला उभं करा. त्यावरही कुरबूर होईल. होऊ द्या.

बाकी किरकोळ. मुद्दे तीन करू नका, एकच ठेवा. बारा मिनिटांच्या वर जाऊ नका. शनिवारी रात्री भाग मोठ्याने वाचून बघा. जिथे जीभ घसरेल, घाई करेल, तिथे खूण करा. माझी दोन वाक्यं तुम्हाला लागू पडली नाहीत तर बिनधास्त सोडा, तुमचं तिसरं असेल.

एक काम मात्र आधी करा. गोष्ट धन्याच्या बोलण्यावर संपते. पहिल्या मजुराने दीनार उचलला की फेकला, दुसऱ्या दिवशी पहाटे तो चौकात आला की नाही, मत्तय सांगत नाही. नातीला जवळ घेऊन गोष्ट सांगा आणि विचारा, तो मजूर त्या रात्री घरी जाऊन काय म्हणाला असेल गं? लगेच काही बोलली नाही तर घाई करू नका. जे म्हणेल ते मला कळवा.